केळीच्या बागेतलं काळं छप्पर

नवीन ओळख झालेलं माणूस विचारतं, "तुम्ही काय करत होता?" मी सांगते, "छपरं विकत होते." समोरचा जरा थांबतो. मग, "म्हणजे पत्रे का?" पत्रे विकले, कौलंही विकली, पण माझी निम्म्याहून जास्त नोकरी गेली ती शिंगल्स विकण्यात. हा माल अजूनही खान्देशात सगळ्यांना ठाऊक नाही, म्हणून आधी तो सांगून टाकते.

शिंगल म्हणजे मीटरभर लांबीची लवचिक पट्टी. आत काचेच्या धाग्यांचं कापड, त्याला दोन्ही बाजूंनी डांबर आणि वरच्या अंगाला रंगीत दगडाचे बारीक कण दाबून बसवलेले. हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखी लागते. उतरत्या छपरावर खालून वर, माशाच्या खवल्यांसारख्या, एकीवर दुसरी अशा त्या खिळ्यांनी ठोकत जायच्या. कौलासारखी फुटत नाही, पत्र्यासारखी पावसात ढोल वाजवत नाही, आणि दिसायला सिनेमातल्या थंड हवेच्या ठिकाणच्या बंगल्यासारखी दिसते. लोक मुख्यतः त्या शेवटच्या कारणासाठीच घेतात, हे मी तीस वर्षांत शिकले.

मी धुळ्याला सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि लग्नानंतर जळगावला एका छपराच्या दुकानात लागले. काम होतं आडाखे काढायचं. छपराचा नकाशा बघून किती माल लागेल ते कागदावर मांडायचं, बस. पण लोक नकाशे आणायचे एक आणि घरं बांधायचे दुसरीच. दोनतीनदा माल कमी पडला, तेव्हा आमचे शेठजी म्हणाले, "कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन माप घेतलं पाहिजे." दुकानातले दोघंही पुरुष शिडीकडे बघून गप्प बसले. मी टेप उचलली. तेव्हापासून सलवार-कमीज, पायांत कॅनव्हासचे बूट आणि डोक्याला ओढणी गुंडाळलेली, अशी मी जिल्हाभर छपरांवर चढत आले.

सुरुवातीला गंमत व्हायची. एरंडोलला एका गिऱ्हाइकाने दारात उभं करून विचारलं होतं, "साहेब गाडीतच बसलेत का?" मी म्हटलं, "साहेब नाहीत, मीच आहे." त्याचा विश्वास बसेना. शिडी धरायलाही तो नाखूश. मी वर गेले, माप घेतलं आणि वरूनच त्याला ओरडून सांगितलं, "भाऊ, तुमच्या मागच्या शेजाऱ्याचं शेड हातभर तुमच्या हद्दीत आलंय. इथून सरळ दिसतंय." त्यानंतर त्याने साहेबांचं नाव काढलं नाही. उलट खाली उतरल्यावर मला चहा पाजून, "आणखी काय काय दिसलं?" असं बारीक आवाजात विचारत बसला.

मेहरूणला तलावाजवळ एक निवृत्त मुख्याध्यापक होते. शिंगल्सची हमी तीस वर्षांची असते, असं मी त्यांना कौतुकाने सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मी आज बहात्तरचा. म्हणजे एकशे दोनाव्या वर्षी छप्पर गळलं, तर तक्रार घेऊन यायचं कुठे?" मी म्हटलं, "सर, तुम्ही या तर खरे." त्यांनी माल घेतला. ते हमीचं कार्ड त्यांनी भिंतीवर फ्रेम करून लावलं होतं.

आता उन्हाळ्याचं. मे महिन्यात जळगावचं ऊन कसं असतं ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. गोदामात शिंगल्सचे गठ्ठे एकावर एक जास्त रचले, तर खालचे एकमेकांना चिकटून वडी होतात. तापल्या छपरावर बूट घालून फिरलं, तर डांबर मऊ पडून कण निघून येतात आणि पावलांचे ठसे कायमचे राहतात. म्हणून आमचे गोकुळ मिस्तरी पहाटे सहाला कामाला लागायचे आणि दहाला उतरायचे. गोकुळ मिस्तरी धुळ्याकडचे, अहिराणी बोलणारे, माझ्याहून चार वर्षांनी मोठे. जुन्या गादीतला फोमचा एक चौकोन ते कायम बगलेत बाळगायचे. छपरावर तो टाकून त्यावर बसायचं, म्हणजे माणूस घसरत नाही आणि माल घासत नाही. दिवाळीला त्यांना नवा शर्ट दिला तर ठीक, पण एकदा मी त्यांना नवा फोम आणून दिला तेव्हा ते खरे खूष झाले.

या असल्या उन्हामुळेच माझी सगळ्यात मोठी चूक झाली. तीच आज सांगायची आहे.

रावेरच्या बाजूला एका गावाबाहेर, केळीच्या बागेच्या मधोमध, नानांनी बंगला बांधायला घेतला होता. नाना म्हणजे पन्नाशीचे शेतकरी. अंगाने दणकट, बोलायला मोकळे, आणि एकदा मनात घेतलं की मागे न फिरणारे. त्या भागात उतरत्या स्लॅबवर शिंगल्स लावणारे ते पहिलेच. त्यांना रंग हवा होता वाळूसारखा फिकट. गावातले म्हणत होते, "नाना, कौलं टाका, नाहीतर सरळ गच्ची करा. हे कागदाचं छप्पर काय कामाचं?" नाना म्हणायचे, "तुमी पाहाच."

त्या वेळी कंपनीच्या कॅटलॉगमध्ये एक वेगळा माल नुकताच आला होता. शेवाळ न धरणारी शिंगल. तिच्यावरच्या दगडी कणांत काही कण तांब्याचे असतात. पाऊस पडला, दव पडलं, की तांब्याचा अगदी सूक्ष्म अंश पाण्याबरोबर छपरावरून उतरतो आणि शेवाळाला तिथे घर करू देत नाही. साधी शिंगल दमट जागी काही वर्षांत काळी पडते. लोकांना वाटतं धूळ बसली किंवा डांबर वितळलं. पण ते असतं शेवाळच, डोळ्याला न दिसण्याइतकं बारीक, आणि ते काळ्या ओघळांसारखं वरून खाली पसरत जातं. घर त्याने गळत नाही. फक्त घराने कित्येक दिवसांत तोंड धुतलं नाही असं दिसतं.

कंपनीचा माणूस आला होता. त्याने मला विचारलं, "मॅडम, केळीच्या बागेतलं घर आहे ना? तांब्याच्या कणांचा माल घेता का?" तो बिचारा समुद्रकाठचा. मी हसले. म्हटलं, "अहो, हे जळगाव आहे. इथे माणूस वाळतो, शेवाळ कुठून धरणार? तो माल तुम्ही कोकणात विका." दुकानातले सगळे हसले. तोही हसला आणि वहीत साधा माल लिहून घेतला.

नानांना मी दुसरा पर्याय सांगितलाच नाही. सांगायची गरजच वाटली नाही.

घर झालं. गोकुळ मिस्तरींनी जीव ओतून काम केलं. वास्तुशांतीला आम्ही गेलो, तेव्हा हिरव्यागार बागेत ते वाळूच्या रंगाचं छप्पर इतकं सुंदर दिसत होतं, की मीच त्याचे सहासात फोटो काढले आणि दुकानात लावले. ते छप्पर बघून, नानांच्या सांगण्यावरून, त्याच पट्ट्यातल्या चार शेतकऱ्यांनी चौकशी केली. शेठजींनी माझी पाठ थोपटली.

तीन पावसाळे गेले. एका सप्टेंबरात दुपारी नानांचा फोन आला. नेहमी "ताई, कसं काय?" म्हणणारे नाना सरळ म्हणाले, "ताई, एकदा येऊन पाहून जा. आज नही, उद्या. पन या."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गोकुळ मिस्तरींना घेऊन निघाले. फाट्यावरून बागेत वळलो आणि केळीच्या पानांवरून ते छप्पर दिसलं. उत्तरेचा सगळा उतार काळा. एकसारखा काळाही नाही; कुणी वरून शाईची बाटली सांडावी तसे ओघळ. पश्चिमेला थोडे कमी. दक्षिणेचा उतार मात्र अजून तसाच, वाळूच्या रंगाचा. त्यामुळे काळं अधिकच काळं दिसत होतं.

गोकुळ मिस्तरी गाडीतून उतरता उतरता म्हणाले, "ताई, हाई काय व्हयी गयं? बठ्ठं छप्पर कायं पडी गयं." बठ्ठं म्हणजे सगळं, आणि कायं म्हणजे काळं; आमच्याकडच्या बोलींत ळचा य होतो.

नाना ओट्यावर उभे होते. रागावलेले दिसत नव्हते, त्याहून वाईट, ओशाळलेले दिसत होते. म्हणाले, "एसटीचा कंडक्टर फाट्यावर आमच्या घराचं नाव घेऊन थांबा पुकारते, माहीत हाये का? 'कायं घर, कायं घर, उतरा.' मी स्वतः गाडीत बसेल होतो. मलेच उतरवलं." मग म्हणाले, "ज्या चौघांना मी तुमच्याकडे पाठवलं, ते आता म्हनतात, नानाले डुप्लिकेट माल देला."

आम्ही वर चढलो. शिंगल्स मजबूत होत्या, एक खिळा हललेला नव्हता, खाली थेंब गळत नव्हता. काळा थर बोटाने खरवडून पाहिला, शेवाळच होतं. वर बसून मी सभोवार पाहिलं आणि तेव्हा, त्या छपरावर, मला पहिल्यांदा कळलं की मी किती मोठा गाढवपणा केला. चहूकडे केळी. घराच्या उत्तरेच्या भिंतीपासून आठदहा पावलांवर बाग सुरू. बारा महिने ठिबक चालू, जमीन ओली, पानांची सावली, वारा आत शिरायला जागा नाही. जळगावात ऊन कडक असेल. पण या घराला जळगावचं हवामान नव्हतंच. याला केळीच्या बागेचं हवामान होतं.

खाली उतरले तेव्हा हमीचं कार्ड माझ्या पिशवीत होतं. त्यात छपाईत बारीक अक्षरात एक ओळ होती, की शेवाळाने रंग बदलल्यास कंपनी जबाबदार नाही. फक्त तांब्याच्या कणांच्या मालाला त्याची वेगळी हमी असते. नानांना ती ओळ दाखवली असती, तर ते काही बोलू शकले नसते. त्यांना दुसरा माल होता हेच माहीत नव्हतं. नानांनी मला ओट्यावर बसवून पाणी दिलं. कार्ड काढावं की नाही, हे मी खरंच ठरवत होते. आज इतक्या वर्षांनी उगाच मोठेपणा सांगत नाही. कार्ड अर्धं बाहेर काढलंही होतं.

तेवढ्यात आतून अक्का आल्या. अक्का म्हणजे नानांची आई. ऐंशीच्या पुढच्या, पाठीतून वाकलेल्या, पण नजर लखलखीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तूच का व ती छपरावर चढणारी पोर? एवढं उन्हात चढते, चक्कर येत नही का तुले?"

ज्यांचं नुकसान केलं त्यांच्याच घरच्या माणसाने अशी विचारपूस केली की कार्ड काढणं कठीण जातं. मी ते परत पिशवीत ढकललं आणि म्हटलं, "नाना, माल डुप्लिकेट नाही. पण चूक झाली आहे, आणि ती माझी आहे. शेवाळ न धरणारा माल तेव्हा मिळत होता. कंपनीच्या माणसाने मला विचारलंही होतं. मी म्हटलं, जळगावात त्याची गरज नाही. तुम्हाला मी सांगितलंच नाही."

नाना एवढंच म्हणाले, "मले इचारलं असतं, तं मी तोच घेतला असता." ते त्यांनी इतक्या साध्या आवाजात म्हटलं, की त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मला वाटलं.

अक्का मात्र हसायला लागल्या. "तुले इचारून काय झालं असतं रे? तू तं दिवसभर बाहेर. मले इचाराले पाहिजे होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरी, श्रावणात माह्यं लुगडं या घरी दोन दिवस वायत नही. धुवाचं आन् गावातल्या जुन्या घरी पाठवाचं, तठी दुपारपर्यंत कडक. जठी लुगडं वायत नही, तठी तुह्यं छप्पर कसं वायीन?"

डिप्लोमा, कॅटलॉग, कंपनीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण, सगळं माझ्याकडे होतं. आणि हे एक वाक्य नव्हतं.

"अजून एक सांगते," अक्का म्हणाल्या आणि काठी टेकत अंगणात उतरल्या. आम्ही मागे. उत्तरेच्या बाजूला उभ्या राहून त्यांनी काठी वर केली. "ते वीज पडू नये म्हनून खांबडं लावेल हाये ना, त्याच्या खालती पाह्य. तठी चोखं हाये."

मी पाहिलं. छपराच्या माथ्यावर विजेपासून बचावासाठी बसवलेला दांडा होता आणि त्याच्या बुडाशी तांब्याची रुंद पट्टी माथ्यावरून थोडी आडवी गेली होती. त्या पट्टीच्या बरोबर खाली, काळ्या ओघळांच्या मधोमध, वाळूच्या रंगाचा एक स्वच्छ पट्टा सरळ खाली उतरला होता. मी त्या छपरावर तासभर बसले होते, आणि तो मला दिसला नव्हता. वर बसलेल्याला छप्पर दिसत नाही, फक्त पायाखालचं दिसतं.

"मी इठी बसून रोज शेंगा निवडते," अक्का म्हणाल्या. "नजर तं वरच जाते ना."

तांब्याचं पाणी शेवाळाला धरू देत नाही, हे मी कॅटलॉगमध्ये वाचलेलं होतं. पण वाचणं निराळं. तो पट्टा बघून मला एकदम धीर आला, कारण आता काय करायचं ते समोर लिहून ठेवल्यासारखं होतं.

जळगावला परत येऊन मी शेठजींना सगळं सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "तुम्ही बोललात ते दुकानाच्या नावाने, तर शब्दही दुकानाचाच. उत्तरेचा उतार आपण बदलून देऊ, नवीन माल घालून. बाकीचं तुम्ही आणि गोकुळ बघा." आणि जाता जाता, "ते फोटो तेवढे भिंतीवरून काढा." ते मी आधीच काढले होते.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. इथे एक गोष्ट सांगते, ज्यांच्या घरावर शिंगल्स आहेत त्यांच्या कामाची. काळं दिसलं म्हणून कुणी जोराचं पाणी मारायला आणि ब्रशने घासायला सांगतं. ते कधी करू नका. त्याने शेवाळ जातं, पण त्याबरोबर दगडाचे कणही जातात आणि छपराचं आयुष्य निम्मं होतं. ब्लिचिंगचं पातळ पाणी हलक्या हाताने फवारायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि साध्या पाण्याने सावकाश धुवायचं. आम्ही पश्चिमेचा उतार तसा धुतला. त्याआधी खालच्या केळी भरपूर पाण्याने भिजवल्या आणि ताडपत्रीने झाकल्या. नाना स्वतः ताडपत्री धरून उभे होते. छपराची त्यांना काळजी होती, पण केळीची जास्त.

उत्तरेच्या जुन्या पट्ट्या काढून तांब्याच्या कणांच्या नवीन बसवल्या. वरच्या माथ्यावर आडवी तांब्याची पट्टी घालायची होती, म्हणजे पश्चिमेच्या जुन्या मालालाही तिचं पाणी मिळेल. पट्टी आणली, मी मापं दिली, आणि गोकुळ मिस्तरी फोमवर बसल्या बसल्या म्हणाले, "ताई, जरासं थांबा. खाले पन्हळ कशानी शे?"

मी म्हटलं, "पत्र्याची. जस्त चढवलेली."

"मंग तांबानं पानी त्या पन्हळम्हा पडी. मनी मायना तांबाना बंब पत्रावर ठेवेल व्हता. दोनतीन वरीसम्हा पत्रा खाई टाका. भोक पडनं."

मिस्तरींच्या आईच्या बंबाने मला दुसऱ्या चुकीतून वाचवलं. तांब्यावरून आलेलं पाणी जस्ताला खातं. कंपनीच्या पुस्तकात ते चौथ्या पानावर होतं आणि मी तिसऱ्या पानावर थांबले होते. आम्ही पन्हळ काढून प्लास्टिकची बसवली. नानांना मी म्हटलं, "आणखी एक काम कराल? उत्तरेच्या केळीच्या दोन ओळी घरापासून मागे घ्या. वारा आणि थोडं ऊन आत येऊ द्या." नानांनी दीर्घ श्वास घेतला. शेतकऱ्याला ओळी मागे घ्या म्हणणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. "हा घड उतरला की घेतो," ते म्हणाले, आणि घेतल्या.

एक फजिती उरलीच. नवीन मालाचा रंग कॅटलॉगमध्ये तोच होता, पण गठ्ठे वेगळ्या वेळचे, त्यामुळे उत्तरेचा उतार बाकीच्यापेक्षा थोडा लालसर आला. काम संपल्यावर गोकुळ मिस्तरी वर हत्यारं आवरत होते आणि आम्ही बाकीचे अंगणात उभे राहून वर बघत होतो. मी म्हटलं, "नाना, रंगात फरक पडला." अक्का म्हणाल्या, "पडू दे. लुगड्याले पदर येगयाच असतो." त्यावर नाना असे मोठ्याने हसले, की गोकुळ मिस्तरींनी वरून घाबरून खाली पाहिलं.

पुढचे दोन पावसाळे मी मुद्दाम गाडी वळवून बघायला जात होते. उत्तरेचा उतार स्वच्छ राहिला. पश्चिमेचा वरचा भाग स्वच्छ, खालच्या टोकाला थोडा मळकट, कारण पट्टीचं पाणी खाली जाईस्तोवर पातळ होतं. मी तसं नानांना आधीच सांगून ठेवलं होतं. कंडक्टर मात्र अजूनही 'कायं घर'च पुकारतो. बाहेरगावचे लोक उतरून काळं घर शोधत बसतात.

त्या कामानंतर माझी माप घ्यायची पद्धत बदलली. शिडीवर चढायच्या आधी मी घरातल्या बाईला भेटायला लागले. पावसाळ्यात कपडे कुठे वाळवता, किती वेळ लागतो, भिंतीला पाठ टेकली तर थंड लागते का, पाण्याच्या टाकीच्या बाहेरून हिरवं धरतं का, उत्तरेला झाड कोणतं. पुरुषांना वाटायचं मी गप्पा मारतेय. मग मी वर जाऊन उत्तरेचा कोपरा बघायचे आणि सांगायचे, कोणता माल घ्यायचा. कित्येकांना मी तांब्याच्या कणांचा महाग माल घेऊ नका असंही सांगितलं, कारण मोकळ्या माळावरच्या, दिवसभर उन्हात असलेल्या घराला तो घालणं म्हणजे वाळवंटात छत्री उघडणं. काहींना तर शिंगल्सच घेऊ नका म्हटलं. शेठजी त्याबद्दल कुरकुरायचे, पण हळू आवाजात.

मात्र ज्या चार शेतकऱ्यांनी नानांचं छप्पर बघून चौकशी केली होती, त्यातला एकही आला नाही. त्यांनी कौलं टाकली, गच्च्या केल्या. रस्त्याने जाताना ती घरं दिसायची आणि मला वाटायचं, माझ्या त्या एका हसण्याने ही छपरं गेली. माल गेल्याचं दुःख नव्हतं. नानांचा शब्द त्यांच्या गावात हलका झाला, त्याचं होतं.

मग एका उन्हाळ्यात, मी निवृत्त व्हायच्या वर्षभर आधी, नाना दुकानात आले. बरोबर त्यांचे साडू, जामनेरचे. साडूंना नवीन घर बांधायचं होतं, बागेतच. दुकानात त्या वेळी आणखी एक गिऱ्हाईक बसलं होतं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मांडीवर कॅटलॉग, पण पानं न उलटता. तासाभरापासून येऊन बसलेलं आणि काही न बोलणारं, असं गिऱ्हाईक बहुतेक वेळा उठून निघून जातं.

नाना खुर्चीत बसले आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात साडूंना म्हणाले, "हे पाह्य, ह्याच त्या ताई. ह्याईनंच माह्यं घर कायंकुट्ट करून टाकलं होतं."

शेठजी गल्ल्यावरून उठून उभे राहिले. साडू गोंधळून म्हणाले, "मंग मले इठी काहाले आणलं?"

"तं कुठी नेऊ?" नाना म्हणाले. "घर बांधतानी सात दुकानं फिरलो मी. साताईनं सांगतलं, आमच्या मालाले काहीच होत नही. ह्या बाईनं ओट्यावर बसून सांगतलं, चूक माह्यी हाये. मले तिनं सांगतलं नसतं, तं मले समजलंही नसतं. आता तूच सांग, तुह्यं छप्पर कोनाच्या हाती द्याचं?"

मी उगाच टेबलावरचे नमुने सारखे करत बसले. कोपऱ्यातल्या माणसाने कॅटलॉग मिटलं आणि तो उठला. मी मनात म्हटलं, गेला. त्याने वाकून खुर्ची उचलली, ती माझ्या टेबलाजवळ आणून ठेवली, तिच्यावर बसला आणि म्हणाला, "यांचं होऊ द्या ताई, मग माझं बघा. मला घाई नाही."